उत्तर दारावर माह्यं नाव

१ जून

पैले कबूल करून टाकतो, मंग बाकीचं. नरसिंगराव साहेबाच्या गेटवरचा टू-लेटचा बोर्ड आज सकाळी मीच काहाडला. पान्याची कॅन उतरवता उतरवता तार पिळली, बोर्ड आटोत रिकाम्या कॅनच्या खाली सरकवला आन हॉर्न देऊन निंगून आलो. मावला गावाच्या पुढं नालीत टाकून देला.

काऊन? तर जीवनले घर पाह्यजे म्हनून.

जीवन माह्या गावचा. बेल्याकडं आमचं गाव. एकाच शाळेत मागच्या बाकड्यावर बसलो. तो पास झाला, मले मास्तरनं घरी पाठवलं. चार वर्सापासून आमी आदिलाबादेत भुक्तापुरात एका खोलीत राह्यतो. तो बी-बियान्याच्या दुकानात, मी पान्याच्या कॅनच्या आटोवर. खोली पिठाच्या गिरनीच्या मागं. गिरनी चालू झाली का ताटातलं वरन सोताहून ढवळते. पन आमचं बरं चाल्लं होतं. तो भात लावे, मी पोळ्या लाटो. मागच्या वर्सी त्याचं लगन झालं. सुवर्णा गावातच राह्यली. तो रयवारी जाये, सोमवारी ये. म्हंजे एक दिवस तिचा, सहा माहे. मी काई बोललो नाई.

आता तिले इथं एका दवाखान्यात नर्सची नौकरी लागली. एक जुलैले हजर व्हा, नाई तं दुसरीले घेतो, असं सांगतलं म्हने. आन जीवनची माय राहीबाई म्हनते का आषाढात नव्या घरात पाय टाकाचा नाई. आषाढ लागते सव्वीसले. त्याच्या आत घर पाह्यजे आन घरात दूध उतू जाले पाह्यजे. दूध उतू घालाचं हे तेलुगू लोकाईचं, पन आता आमचेबी त्याच्याबिगर गॅस पेटवत नाई.

"तू रोज घरोघरी जातं," जीवन म्हने. "कोनतं रिकामं हाय ते तुलेच मालूम. माह्या दुकानात सरकीच्या बियान्याले लाइन लागली, मले मान वर कराले टाइम नाई. तूच पाय लेका."

म्हंजे मीच त्याले माह्या हातानं तिच्याकडं नेऊन घालाचं. वा रे वा.

आन पैल्याच दिवसी सगळ्यात चांगलं घर माह्याच डोळ्यापुढं आलं. मंग बोर्ड काहाडनार नाई तं काय करनार?

४ जून

जीवनले पैलं घर दाखवलं, बस स्टँडच्या मागचं. मुद्दाम हुडकून काहाडलं. त्या घरमालकाले कोनी तरी सांगतलं का मोरी ईशान्येले नाई पाह्यजे. मोरी तं हलवता येत नाई, म्हनून त्यानं मोरीचं दार बुजवलं आन दुसरं दार सैपाकाच्या ओट्याखालून काहाडलं. म्हंजे आंघोळीले जाचं तं गॅसच्या खालून रांगत जाचं. मी जाऊन पायलं. परत आलो तं केसात फोडनीतली मोहरी.

मले वाटलं जीवन हासन आन म्हनन, चाल बे, आपली गिरनीच बरी.

तो ओट्याखाली वाकला, इकडून तिकडं गेला आन म्हने, "सुवर्णा बुटकी हाय. तिले एवढं वाकाव नाई लागनार."

मी आटो चालू केला आन रस्ताभर त्याच्यासंगं बोललो नाई. माह्यं डोकं त्या ओट्याले आपटलं होतं, त्याचं त्यानं इचारलंबी नाई.

खोली मातर एकच होती म्हनून त्यानंच नाई म्हनलं. "दोन पाह्यजे बे, दोन." दोन कायले? दोघं तं जन हाय.

७ जून

शांतीनगरातलं पेंटहाऊस. नाव मोठं, पन हाय टिनाची खोली, तिसऱ्या माळ्यावर, संगं एक छोटी खोली. खरी गंमत जिन्याची. जिना घरमालकाच्या बैठकीतून जाते. ते लोक सगळे टीव्हीपुढं लायनीनं बसते. मधातून गेलं का ओरडते. आता जो भाडेकरू होता तो जाहिरात लागली का पयत पयत वर जाये. एकदा पोटात कळ आली तं त्याले सीरियल सरेपर्यंत जिन्याखाली उभं राहाव लागलं म्हने.

जीवनले हेबी चाललं! "जाहिराती लय राह्यतात बे आजकाल," म्हने.

मी पान्याची कॅन ठेवाच्या निमतानं मालकाजवळ गेलो आन हळूच सांगतलं, "याची बायको नर्स हाय, रातपाळी राह्यते. कव्हाबी उठून जाईन, कव्हाबी येईन, तुमच्या बैठकीतूनच." खोटं तं नव्हतं. मालकानं हात जोडले.

जीवन रडवेला झाला. मले वाईट वाटलं, पन एवढुसंच. मंग त्यानं खिशातून मोबाइल काहाडला आन तिले फोन लावला. त्याच्याजवळच उभा होतो मी, बाजूले. मले नाई सांगतलं, तिले सांगतलं. जे वाईट वाटत होतं तेबी गेलं.

१० जून

विनोदिनीकाकू म्हंजे नरसिंगराव साहेबाच्या घरच्या. साहेब तहसीलमधून रिटायर झाले. काकू गेटवर उभ्या होत्या.

"पंढरी, आमचा बोर्ड वाऱ्यानं उडाला की काय रे? कुणीच विचारायला येत नाही."

"हवा लय हाय काकू आजकाल."

"तुझ्या माहितीत कुणी चांगलं असलं तर सांग. वरचा पोर्शन नुसता धूळ खातोय."

"पायतो ना काकू."

त्याईच्या जास्तीच्या कॅन वरच्या रिकाम्या पोर्शनमधी ठेवाच्या राह्यतात, म्हनून एक घेऊन वर गेलो. त्या जिन्याच्या पायऱ्या विषम पाह्यजे म्हनून साहेबानं शेवटची पायरी फोडून टाकली. आता शेवटी एकदम मोठी ढांग टाकाव लागते. कॅन खांद्यावर असली का जीव जाते. पन वर पोचल्यावर काय घर हाय! दोन खोल्या, सैपाकघर आलग, नळाले दोनी पानी, बोरचंबी आन नगरपालिकेचंबी, उत्तरेकडं दार, समोरच्या खोलीले खिडकी आन खिडकीच्या बाहेर लिंबाचं झाड. मी तिथं थोडा वेळ बसलो. वाटलं, इथं मी आन जीवन राह्यलो असतो तं?

मंग ध्यानात आलं का माह्यासाठी कोनी दोन खोल्या पाह्यत नाई. उठलो.

१२ जून

घात झाला. नरसिंगराव साहेबाची मावल्याकडं शेती हाय. ते बियानं घ्याले दुकानात गेले. जीवननं बियानं देलं, बोलता बोलता घराचं निंगालं, आन साहेब त्याले सोताच्या गाडीवर बसवून घर दाखवाले घेऊन गेले. शब्दबी देऊन टाकला.

जीवननं आल्याबरोबर मले मिठी मारली. "भेटलं बे! तू तं तिथं रोज जातं, तुले कसं नाई दिसलं?"

"मले वाटलं त्याईचा पोरगा येनार हाय."

संध्याकाळी मले घेऊन परत गेला. समोरच्या खोलीत जमिनीवर वितीनं मोजत बसला. "साडेसहा फूट बसते ना? खिडकीखाली बाज टाकली तं हवा लागन."

साडेसहा फूट! जीवन तं साडेपाचाच्या वर नाई, आन सुवर्णा त्याच्या खांद्याले. मंग मले समजलं. तिचा भाऊ उंच हाय म्हनते. म्हंजे तिच्या मायेरचे पावनेबी येऊन राह्यनार. सगळ्याईले जागा हाय, सगळ्याईले हवा हाय.

मी म्हनलं, "बसते." दात खाऊन म्हनलं.

१३ जून

आज दोन कामं केली. दोनीबी वाईट. लिहून ठेवतो.

एक. विनोदिनीकाकूले सांगतलं का जीवन तसा चांगला हाय, पन सुकट भाजते, तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन गच्चीवरून थुकते आन पिल्यावर भांडते. काकूच्या गळ्यात माळ हाय. त्याईनं पदर नाकाले लावला, जसा वास आताच आला.

"बरं झालं सांगितलंस. पण साहेबांनी शब्द दिलाय रे. ते शब्द मोडत नाहीत, मग समोर राक्षस का असेना."

दोन. म्हनून मंग जीवनले गाठलं. इकडं लोक नावाचं पैलं अक्षर आन दाराची दिशा जुळवून पाह्यतात. तेलुगू लोक तं जुळल्याबिगर घरात झाडूबी ठेवत नाई. मी म्हनलं, "उत्तर दार ज-वाल्याले शत्रू राह्यते. एका घरी कॅन टाकताना आयकलं."

थाप होती. तिथल्या तिथं मनानं जुळवली. पन जीवनचं तोंड उतरलं. "माय तं आयकली का घराबाहेर काहाडन मले." मले इतका आनंद झाला का मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

१५ जून

जीवन मले घेऊन गुडीहत्नूरले गेला, सिद्धांतीकडं, म्हंजे तेलुगू जोश्याकडं. मले वाटलं, आता माही थाप उघडी पडन.

सिद्धांतीनं चष्मा लावला, बोटं मोजली, आन म्हनलं का बरोबर हाय. ज-वाल्याले उत्तर दार शत्रूच. माह्या अंगावर काटा आला. मी जे आपल्या मनानं बोललो ते पुस्तकात लिहून ठेवलेलं!

जीवन रडाच्या बेतात. "गुरुजी, सव्वीसले आषाढ हाय. माह्या बायकोची नौकरी जाईन."

"तिचं नाव काय? सुवर्णा? हां, तेबी मध्यम, म्हनावं तसं नाई," सिद्धांती म्हनले. "घरात तम्मुडू हाय का? धाकटा भाऊ? ज्याच्या नावाले उत्तर चालते, त्याच्या नावावर घर घ्याचं. त्यानं चुलीवर दूध ओताचं. बाकीच्याईनं खुशाल राहाचं."

"हाय ना," जीवन म्हने, आन माह्या खांद्यावर हात ठेवला. "हा काय. पंढरी."

सिद्धांतीनं परत बोटं मोजली. "प. अच्छा. उत्तर याले एकदम मस्त."

मले कोनी एवढं मस्त पैल्यांदाच म्हनलं. पन येताना आटो चालवता चालवता इचार आला का नाव माह्यं, दूध माह्या हातचं, आन राहाचं त्याईनं. म्हंजे मी त्या घराचा बोर्ड.

१७ जून

साहेबानं करारनामा लिहिला. मोत्यासारखं अक्षर. "वल्दियत सांग, बापाचं नाव. दस्तखत इथं. मुद्दत अकरा महिने." मी सही केली. जीवन बाजूले उभा राहून हासत होता, जसं माह्यं लगन लावून राह्यला.

जीवन दुकानात परत गेला तसं काकूनं मले सैपाकघरात बोलावलं. "पंढरी, देवच पावला बघ. साहेबांचा शब्द होता तो त्या जीवनला, पण कागद झाला तुझ्या नावावर. शब्दाचं मी बघते. तू एकटा ये राहायला. त्या सुकटवाल्याला सांग, जमत नाही."

मी बोटावरची शाई पुसत राह्यलो.

"तुझं नाव, तुझं घर. तू नाही म्हटलंस तर तो पायरी कसा चढेल?"

आन खरंच, कसा चढन? मी म्हनलं, "इचार करून सांगतो काकू."

१९ जून

इचारच करून राह्यलो. खिडकी. लिंबाचं झाड. दोन पानी. मी एकटा पाय पसरून. सुवर्णाची नौकरी गेली का ती गावातच राह्यन, जीवन रयवारी जाईन, सोमवारी येईन. मंग त्याले म्हनीन, चाल, काकूले मी समजवतो, आपन दोघं वर राहू. पैल्यासारखं.

दुपारी कॅन ठेवाले वर गेलो आन खिडकीखाली लेटून पायलं. पुरते. माहे पाय भिंतीले लागत नाई. एवढी जागा जल्मात कव्हा भेटली नाई.

२० जून

आज सुवर्णाचा फोन आला. मले! जीवनच्या लगनातबी ती माह्यासंगं दोन शब्दाच्या वर बोलली नव्हती.

"भाऊजी, मी बोलून राह्यली. दवाखान्याचं पत्र आलं घरी. पैल्यांदा माह्या नावावर कायचं तरी पत्र आलं. सासूबाईनं देवापुढं ठेवलं." मंग थांबली. "घर पक्कं हाय ना भाऊजी? हे म्हनते का सगळं पंढरीनं केलं, पंढरी हाय म्हनून झालं."

"हाय ना," मी म्हनलं.

"आन तुमाले सकाळी भाकर चालते का पोळी लागते?"

"मले काऊन इचारता वहिनी?"

"मंग कोनाले इचारू?" असं म्हनून हासली आन फोन ठेवला.

लय राग आला. मले इचारून जीवनची आवड समजून घेते. चार वर्सं मी पोळ्या लाटल्या ना, म्हनून. आता माह्या हातचं सगळं शिकून घेईन आन मले मोकळं करन.

पन ते पत्र डोक्यातून जाऊन नाई राह्यलं. देवापुढं ठेवलेलं. माह्या नावावर आजपर्यंत कोनतंच पत्र नाई आलं, तव्हा मले मालूम हाय ते कसं लागत असन.

२१ जून

काकूकडं गेलो. खरं सांगतो म्हनून घरून निंगालो होतो. पन खरं सांगतलं का मी लबाड ठरतो, आन काकू जीवनले सांगते का तुह्या दोस्तानं तुले बेवडा म्हनलं. तेवढं माह्याच्यानं नाई होत. म्हनून टपरीवर थांबलो आन जल्मात पैल्यांदा खर्रा खाल्ला. दात लाल दिसाले पाह्यजे म्हनून. डोकं असं गरगरलं का खांब धरून उभा राह्यलो.

"काकू, ते सुकटीचं जीवनचं नाई. माह्यं होतं."

"काय?"

"सुकट मी भाजतो. खर्रा मीच खातो. गच्चीवरून थुकतोबी मीच. तो तं सुपारी खात नाई."

"आणि पिणं?"

"तेबी."

"मग त्या दिवशी त्याचं नाव कशाला घेतलंस रे?"

"तुमी माह्याकडून पानी बंद करसान म्हनून."

काकू जवळ आल्या. "तोंड उघड." उघडलं. त्या दोन पावलं मागं सरकल्या. "अरे देवा! आणि मी तुला तुळशीपाशी उभं करत होते!"

"जीवनले द्या काकू घर. तो देवमानूस हाय. त्याची बायको नर्स हाय, तुमचा बीपी घरीच मोजन."

काकूनं तुळशीवर पानी शिंपडलं. मंग म्हने, "तू वर पाय ठेवायचा नाहीस. कॅन गेटपाशी. दूध ओतण्यापुरता ये, आंघोळ करून, दात घासून."

"आन नाव?"

"नाव राहू दे. नाव काही थुंकत नाही."

२३ जून

दूध उतू गेलं. राहीबाई, जीवन, सुवर्णा, काकू, साहेब, सगळे सैपाकघरात. सुवर्णानं हिरवं लुगडं नेसलं होतं. मी मागं सरकत होतो तं ती म्हने, "सरकू नका भाऊजी, नाव तुमचं हाय." पातेलं माह्या हातात देलं. मी दूध ओतलं. ते चढत चढत वर आलं आन बरोबर पूर्वेकडून सांडलं. राहीबाईनं हात जोडले. जीवननं मले गूळ भरवला, मंग तिले.

तिच्या आधी मले. मी ते मोजलं.

बाहेर येताना समोरच्या खोलीत नजर गेली. खिडकीखाली नवी बाज, लांबलचक, वर कोरी सतरंजी, आन गिरनीमागच्या खोलीतला आमचा कूलर बाजेच्या तोंडाकडं. आमचा! पावन्याले कूलर देनारा मानूस मी पैल्यांदा पायला. अंगाची आग झाली. काकूनं डोळे वटारले तसा खाली उतरलो.

२४ जून

जीवन दुपारी खोलीवर आला. दारातच उभा राह्यला.

"काकू म्हनते तुले वर येऊ द्याचं नाई. तू पेतं म्हने. खर्रा खातं म्हने. तूच सांगतलं म्हने."

मी झाकन काहाडून झाकन लावलं, कॅनचं.

"अबे, तू चहात साखर जास्त झाली तरी ओकतं. काऊन सांगतलं असं?"

खरं सांगाव तं सगळंच सांगाव लागते. नाई सांगाव तं काई तरी सांगाव लागते. मी म्हनलं, "मले तुमच्यात राहाचं नव्हतं."

त्यानं माह्याकडं असं पायलं का गिरनी बंद पडल्यासारखी वाटली.

"बाज तुह्या मापाची बनवून घेतली बे. सुतारानं दोनदा इचारलं एवढी लांब कायले, म्हनून. दोन खोल्या मी कोनासाठी पाहून राह्यलो होतो मंग?"

"तू बोलला नाई कव्हा."

"त्यात बोलाचं काय होतं?"

गेला. त्याची पेटी घेऊन गेला. माही पेटी उचलाले म्हनूनच आला होता तो, हे मले तो गेल्यावर समजलं. कारन त्यानं दोर दोन आनले होते. एक इथंच राह्यला.

२५ जून

आज कॅन गेटपाशी ठेवली. वरून सुवर्णानं पायलं, म्हने, "भाऊजी, भाकर झाली, या ना." मी हातानंच नाई म्हनलं. काकू तुळशीपाशी उभ्याच होत्या.

मले वाटलं होतं आता तरी पोटातलं जळनं थांबन. नाई थांबलं. पैले सुवर्णावर जळत होतो, मंग तिच्या उंच भावावर, जो त्या घरात कव्हा येनारच नव्हता. आता मी त्या बाजेवर जळून राह्यलो. ती तिथं खिडकीखाली पडून हाय, लिंबाची हवा खाऊन राह्यली, आन तिच्यावर कोनी नाई.

जो कोन हे वाचून राह्यला, आयक. काकूले सांगू नको, त्याईले समजलं का मी खोटा हाय तं माह्या नावाचा कागद फाडून त्या दोघाईले बाहेर काहाडतीन, आन एक तारीख तोंडावर हाय. जीवनले सांगू नको, त्याले आता एवढंच वाटते का मले त्याच्यासंगं राहाचं नव्हतं. मी त्याले बेवडा म्हनलो हे समजलं तं त्याच्याहून वाईट. आन सुवर्णाले तं बिलकुल नाई. ती लगेच माफ करन, ताट वाढून खाली घेऊन येईन, आन तेवढं माह्याच्यानं सहन होनार नाई. तुह्या पाया पडतो भाऊ, कोनालेच नाई. कोनालेच सांगू नको.